कळतं, पण वळत नाही

‘नवरात्रात आपण हात लावत नाही,’ हे वाक्य महाराष्ट्रात मोठ्या तोऱ्यात उच्चारलं जातं. कुणी श्रावण पाळतं, कुणी चातुर्मास, कुणी नुसते देवीचे नऊ दिवस. पाळणाऱ्याच्या लेखी तो पुरावा असतो: मनात आणलं तर आपण केव्हाही सोडू शकतो. घरच्यांनाही तो पुरावा पटतो, कारण त्यांना तो पटवून घ्यायचा असतो. व्यसनमुक्ती केंद्रातल्या समुपदेशकाला मात्र त्याचं फारसं कौतुक नसतं. एकेक माळ मोजत नऊ दिवस काढणारा माणूस दारूतून सुटलेला नसतो, तो दसऱ्याची वाट पाहत असतो.

त्याच नऊ दिवसांत घरोघरी सप्तशतीचे पाठ चालतात. तेरा अध्याय, सातशे मंत्र. गुरुजी आपल्या लयीत पुढे जात असतात, घरातली मंडळी नैवेद्याच्या गडबडीत असतात आणि ऐकणाऱ्यांचे कान महिषासुर कधी मरतो याकडे लागलेले असतात. त्यामुळे पहिल्या अध्यायाच्या आरंभी, एकही दैत्य समोर येण्याआधी, भेटणाऱ्या दोन माणसांकडे कुणाचं लक्ष जात नाही. खरं तर सगळा ग्रंथ त्या दोघांसाठी सांगितला गेला आहे, आणि दोघेही हरलेले आहेत.

एक राजा सुरथ. लढाईत हरला, राजधानीत परतला तर मंत्र्यांनीच खजिना आणि सैन्य बळकावलेलं. शिकारीचं निमित्त करून तो एकटा घोड्यावरून रानात निघून जातो आणि मेधस् ऋषींच्या आश्रमात राहतो. दुसरा समाधी नावाचा वैश्य. पैशाच्या लोभापायी बायकोनं आणि मुलांनी त्याला घराबाहेर काढलेलं आहे. आता या दोघांनी सुटलो म्हणावं की नाही? पण राजाला आपल्या आवडत्या हत्तीला वेळेवर खायला मिळत असेल का याची काळजी लागून राहिलेली असते. वैश्य रात्रंदिवस विचार करतो, मुलं बरी असतील ना, वाईट वळणाला तर लागली नसतील. ज्यांनी लुटलं त्यांच्याच भोवती मन घुटमळतं. दोघांनाही हे कळतं आणि कळूनही थांबवता येत नाही. मग दोघं मिळून ऋषींना विचारतात की आम्ही काही अडाणी नाही, यात दोष आहे हे आम्हाला स्वच्छ दिसतं, तरी मन तिकडेच का धावतं?

हा प्रश्न दारू सोडू पाहणाऱ्या माणसानं नर्सला, बायकोला आणि आरशाला शेकडो वेळा विचारलेला असतो. यकृताचा रिपोर्ट खिशात असतो, नोकरी गेलेली असते, मुलीनं बोलणं सोडलेलं असतं. माहिती कमी पडली म्हणून कुणी पीत राहत नाही. वैद्यकशास्त्रही आज वेगळं सांगत नाही. व्यसनात मेंदूची सुखाची आणि प्रेरणेची यंत्रणाच बदलते, आणि निर्णय घेणारा भाग तिच्यापुढे दुबळा पडतो. म्हणून समजावणं, शपथा घालणं, मुलांच्या डोक्यावर हात ठेवायला लावणं हे सगळं त्या क्षणापुरतं खरं असतं, आणि संध्याकाळी सात वाजता खोटं ठरतं.

मेधस् ऋषींचं उत्तर लक्षात ठेवण्यासारखं आहे, मुख्यतः ते काय म्हणत नाहीत यासाठी. ‘तुमच्यात इच्छाशक्ती नाही’ असं ते म्हणत नाहीत. लाजही काढत नाहीत. ते पाखरांकडे बोट दाखवतात. स्वतः भुकेली असूनही पिलांच्या चोचीत दाणे भरण्यात ती किती गुंतलेली असतात पाहा. मग सांगतात की ज्ञानी माणसांची मनंसुद्धा महामाया जबरदस्तीनं ओढून मोहात टाकते. आणि प्रसन्न झाली तर तीच सोडवते. बांधणारी तीच, सोडवणारी तीच. यात दोषारोप नाही, पण सुटकेची खोटी हमीही नाही.

वणीच्या गडावर सप्तशृंगीची अठरा हातांची मूर्ती आहे आणि तिची मान किंचित एका बाजूला कललेली आहे. समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी पाठ म्हणतात आणि देवी तो कान देऊन ऐकते, अशी लोकांची श्रद्धा आहे. सप्तशती मार्कंडेय पुराणात येते, त्यामुळे या कथेला गडावर एक सुंदर भूगोल मिळाला आहे. महिषाला मारणाऱ्या देवीची ओळख लोकांनी ऐकणारी म्हणून जपावी, हे मोठं अर्थपूर्ण आहे. व्यसनमुक्तीच्या कामात मुरलेल्या कुणालाही विचारलं, तर ऐकून घेणं हेच निम्मं काम असतं असं उत्तर मिळेल.

सुरथाचा प्रश्न हजार-दीड हजार वर्षांनी अमेरिकेत वेगळ्याच भाषेत विचारला गेला. बिल विल्सन नावाचा शेअर बाजारातला माणूस डिसेंबर 1934मध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात पुन्हा एकदा दाखल झाला, आणि तिथे त्यानं हात टेकले. पुढच्या मे महिन्यात ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी धंद्यातला एक डाव फसल्यावर तो हॉटेलच्या लॉबीत उभा होता. एका बाजूला बारमधला हसण्याखिदळण्याचा आवाज, दुसऱ्या बाजूला फोन. त्यानं फोन निवडला आणि बोलायला आणखी एखादा दारुडा मिळेल का, याची चौकशी सुरू केली. त्यातून डॉ. बॉब स्मिथ हा पिणारा सर्जन भेटला. डॉ. बॉबनं शेवटचा घोट घेतला तो दिवस, 10 जून 1935, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे ए.ए. या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेचा स्थापनादिन मानला जातो. त्यांच्या बारा पायऱ्यांपैकी पहिली म्हणजे दारूपुढे आपलं काही चालत नाही ही कबुली. तिसरी म्हणजे आपल्याला उमगेल त्या रूपातल्या ईश्वराच्या हाती स्वतःला सोपवणं. तो ईश्वर कुठला, हे त्यांनी मुद्दाम मोकळं ठेवलं. म्हणूनच ही गोष्ट अमेरिकेतल्या चर्चच्या तळघरांतून निघून मुंबई-पुण्यातल्या शाळांच्या वर्गांत येऊ शकली.

स्वतःला सोपवणं म्हणजे नेमकं काय, याचा सगळ्यात खणखणीत दाखला मात्र त्याच्याही पन्नास वर्षं आधी कलकत्त्यात घडून गेला होता.

गिरीशचंद्र घोष हे बंगाली रंगभूमीवरचं बडं प्रस्थ. नाटककार, नट, दिग्दर्शक, सगळं एकात. जन्म 1844चा. आईबाप लहानपणीच गेलेले. दिवसा कचेरीत हिशेब, रात्री थिएटर आणि बाटली. ते पीत, उघडपणे पीत, आणि प्यायल्यावर जिभेला हाड नसे. 21 सप्टेंबर 1884 रोजी त्यांचं ‘चैतन्यलीला’ पाहायला स्टार थिएटरात रामकृष्ण परमहंस आले. चैतन्याची भूमिका बिनोदिनी दासी करत होती. रंगभूमीवरच्या बाईला भद्र समाज दारात उभं करत नसे अशा काळात, दक्षिणेश्वरच्या कालीमंदिरातल्या या पुजाऱ्यानं नाटक संपल्यावर तिला आशीर्वाद दिला. गिरीशबाबूंना हा माणूस हळूहळू व्यापत गेला.

रामकृष्णांनी त्यांना दारू सोड असं म्हटलं नाही. सकाळ-संध्याकाळ देवाचं नाव घे, एवढंच म्हटलं. गिरीशबाबू गप्प राहिले. आपलं वेळापत्रक त्यांना ठाऊक होतं, आणि खोटं वचन द्यायचं नव्हतं. मग जेवणाआधी आणि निजण्याआधी? तेही सांगता येईना. (एवढ्या प्रामाणिकपणे नाही म्हणणारा पिणारा माणूस विरळाच, बाकीचे लगेच हो म्हणतात.) तेव्हा रामकृष्ण म्हणाले, मग मला बकलमा दे. बकलमा म्हणजे मुखत्यारपत्र. तुझ्यातर्फे मी पाहीन. गिरीशबाबूंना हायसं वाटलं. नेम नाही, जप नाही, उपास नाही, कटकट मिटली.

कटकट तिथून सुरू झाली. एकदा बोलता बोलता त्यांनी एका साध्याशा कामाबद्दल ‘मी हे करीन’ असं म्हटलं. रामकृष्णांनी तिथल्या तिथे अडवलं. मुखत्यारपत्र दिलं ना, मग ‘मी करीन’ कसं? ईश्वराची इच्छा असेल तर होईल, असं म्हण. 1886मध्ये रामकृष्ण गेले. पुढे गिरीशबाबूंची पत्नी गेली, लाडका मुलगा अगदी लहान असताना गेला, आणि शोक करतानाही त्यांना आठवत राहिलं की तक्रारीचा हक्क आपण लिहून दिलेला आहे. जप करणाऱ्याचा जप कधीतरी संपतो, बकलमा दिलेल्याला प्रत्येक श्वासाशी पाहावं लागतं की हा त्याच्या जोरावर घेतला की स्वतःच्या, असं ते म्हणत. सोपं म्हणून पत्करलेलं सगळ्यात अवघड निघालं. दारूचा जोर कसा कधी ओसरला, हे कुठल्या एका तारखेला बांधता येत नाही.

रामकृष्णांचे दुसरे एक भक्त सुरेंद्रनाथ मित्र. तेही पीत. त्यांना सल्ला वेगळा होता. प्यायची तर आधी कालीमातेला अर्पण कर, मग घे, आणि पाय लडखडणार नाहीत एवढं पाहा. सुरेंद्र आईसमोर पेला ठेवत आणि लहान मुलासारखे रडू लागत. पिणं कमी होत गेलं. रामकृष्णांच्या मागे तरुण संन्याशांच्या बरानगरच्या मठाचा खर्च याच सुरेंद्रांनी उचलला. हकीकत हृद्य आहे, पण आज ती सरसकट वापरली तर घात होईल. शरीरानं दारूवर अवलंबून झालेल्या माणसाला ‘थोडीच घे’ हा सल्ला विषासारखा बाधतो, मग ती अर्पण केलेली असो नाहीतर नसो.

आणि देवी स्वतः काय करते? सप्तशतीचा तिसरा अध्याय धीटपणे वाचायला हवा. महिषासुराला मारण्याआधी ती मधुपान करते. सगळे देव तिला शस्त्रं देतात तेव्हा कुबेरानं दिलेला असतो न संपणारा मदिरेचा पेला. देवीला दारूबंदीच्या पोस्टरवर बसवू पाहणाऱ्यांची इथे पंचाईत होते. तिच्याकडून नैतिक धडा काढण्यापेक्षा ती कशी प्रकटते, हे पाहणं अधिक उपयोगाचं.

महिषासुरापुढे देव एकेकटे हरलेले असतात. मग प्रत्येकाच्या अंगातून तेज बाहेर पडतं आणि ते एकत्र येऊन तिचं रूप घेतं. शंकराच्या तेजातून मुख, यमाच्या तेजातून केस, विष्णूच्या तेजातून बाहू. हिमालय सिंह देतो. म्हणजे जिंकणारी शक्ती आधीपासून कुठे तयार उभी नव्हती. हरलेल्यांनी आपापलं थोडंथोडं एका जागी आणल्यावर ती उभी राहिली. ए.ए.च्या मीटिंगमध्ये नेमकं हेच होतं. वीस माणसं, त्यांतला एकही कालपर्यंत स्वतःला सावरू शकत नव्हता. एक जण उठून आपलं नाव सांगतो, आपण दारुडे आहोत म्हणतो, आणि काय काय गमावलं ते बोलतो. बाकीचे मध्ये न बोलता ऐकतात. उपदेश कुणी करत नाही, कारण त्या खोलीत उपदेशाचा अधिकार कुणालाच नाही.

पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र असंच उभं राहिलं. अनिल अवचटांनी शहरातल्या गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, व्यसनावर लिहिलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी पाठबळ दिलं, मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचटांनी उपचारांची घडी बसवली आणि 29 ऑगस्ट 1986 रोजी केंद्र सुरू झालं. तिथे दाखल झालेल्याला रुग्णमित्र म्हणतात. इथूनच बरे झालेले कितीतरी जण पुढे कार्यकर्ते झाले. नव्यानं आलेल्याच्या थापा त्यांना लगेच ओळखू येतात, त्या त्यांनीही मारलेल्या असतात. डॉ. अनितांना पुढे कर्करोग झाला. त्या आजारातही त्यांनी काम चालू ठेवलं आणि 1997मध्ये त्या गेल्या. त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी नंतर धुरा घेतली.

महिषासुर मारला जाताना रूपं बदलत राहतो. रेडा, मग सिंह, मग तलवार घेतलेला पुरुष, मग हत्ती, पुन्हा रेडा. व्यसनाचं हे वर्णन कुठल्याही पाठ्यपुस्तकात शोभेल. दारू सुटते आणि गुटखा येतो, गुटखा सुटतो आणि मोबाइलवरचा जुगार येतो. ज्यानं लाखो लोकांना दारूतून बाहेर पडायची वाट दाखवली त्या बिल विल्सनची सिगारेट मात्र सुटता सुटली नाही. 1971मध्ये तो गेला तो फुफ्फुसांच्या विकारानं. रक्तबीज नावाचा दैत्य तर याहून भयंकर. रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की तेवढाच बलाढ्य नवा दैत्य. तिथे देवी वारांची संख्या वाढवत नाही, चामुंडा थेंब जमिनीवर पडूच देत नाही. पहिला पेग टाळा, पुढच्या दहांची काळजी नको, हे ए.ए.वाले सांगतात ते याच जातीचं आहे.

सोळाव्या शतकात एकनाथांनी हे राक्षस बाहेरून उचलून माणसाच्या आत आणून ठेवले. त्यांच्या जोगव्यात महिषासुर म्हणजे मोह. परडी घेऊन दारोदार फिरणाऱ्या आराध्याचा वेश त्यांनी घेतला, पण पीठमिठाच्या जागी बोध मागितला. जोगवा मागायचा म्हणजे हात पसरायचा. आपल्याकडे नाही हे चारचौघांत मान्य करायचं. व्यसनी माणसाला सगळ्यात जड जातं ते हेच.

पण इथेच सावध राहायला हवं. देवीच्या नावानं बरंच काही खपवलं जातं. अंगारा, उतारा, अमुक ठिकाणचा नवस, देवापुढे घ्यायला लावलेली आण. वारकरी माळ घातल्यानं दारू सुटलेली माणसं गावोगाव आहेत आणि त्यांच्याबद्दल आदरच वाटतो. पण माळेमागे दिंडी असते, भजन असतं, रोज विचारपूस करणारी माणसं असतात. नुसत्या शपथेमागे काहीच नसतं. शिवाय धोका असतो. वर्षानुवर्षं रोज पिणारा घटस्थापनेला एकदम बंद करतो. दुसऱ्या माळेपर्यंत हात थरथरतात, घाम फुटतो, झटकेही येऊ शकतात. तिसऱ्या-चौथ्या माळेला भ्रम होतो, भिंतीवर नसलेले किडे दिसतात, कुणीतरी मारायला आलंय असं वाटतं. घरचे म्हणतात बाहेरचं झालं, किंवा देवीचा कोप. डॉक्टर त्याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, आणि उपचार मिळाले नाहीत तर त्यात जीव जाऊ शकतो. अशा वेळी थायमिनचं इंजेक्शन आणि योग्य औषधं हवीत, दवाखाना हवा. आरती नंतरही करता येते.

दवाखान्यापर्यंत पोचतात किती? केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सनं केलेल्या आणि 2019मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात देशात सुमारे 16 कोटी लोक दारू पितात असं आढळलं. दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांमागे एकालाच कसला ना कसला उपचार मिळाला होता. भरती होऊन उपचार घेतलेला 180मध्ये एक.

संकटातून माणूस घडतो, असं म्हणायची आपल्याकडे फार हौस आहे. संकटातून बहुतेक माणसं नुसती झिजतात. बाटलीपायी गेलेला संसार, हप्त्यांवर ओढून नेलेली गाडी, बापाला शोधत गुत्त्यावर गेलेला पोरगा, यांतून कुणाची आपोआप आध्यात्मिक उन्नती होत नाही. सुरथ आणि समाधी केवळ हरल्यामुळे शहाणे झाले नाहीत. त्यांनी प्रश्न विचारला, उत्तर पूर्ण ऐकून घेतलं आणि मग नदीकाठी मातीची मूर्ती करून तीन वर्षं तप केलं. शेवटी देवी प्रसन्न झाली तेव्हा राजानं गेलेलं राज्य परत मागितलं. वैश्यानं ‘मी’ आणि ‘माझं’ यांतून सोडवणारं ज्ञान मागितलं. दोघांनाही मागितलं ते मिळालं. राजाला उणा ठरवणारा एकही शब्द तिथे नाही. नोकरी परत मिळावी, बायकोनं पुन्हा ताटावर समोर बसावं, एवढ्यासाठीच दारू सोडणाऱ्याला आपण उगाच मोक्षाच्या गोष्टी सांगायला जाऊ नये.

या सगळ्यात एक माणूस कथेच्या कडेला उभा असतो. दारुड्याच्या बायकोला आपण फार पटकन दुर्गा करून टाकतो. ती घर चालवते, मार खाते, कर्ज फेडते, आणि वर शक्तीचं रूप म्हणून तिचा सत्कार होतो. देवांनी दुर्गेला शस्त्रं दिली होती. हिला कोण काय देतं? 1951मध्ये अमेरिकेत व्यसनींच्या कुटुंबीयांसाठी अल-अ‍ॅनॉन सुरू झालं. त्यामागे होती बिल विल्सनची बायको लोइस, नवरा शुद्धीवर आल्यानंतरही आपण आजारीच आहोत हे लक्षात आलेली. नवऱ्याची दारू तू आणली नाहीस, तू ती आवरू शकत नाहीस आणि तू ती बरीही करू शकत नाहीस, हे तिथे बायकांना आधी सांगतात. हे ऐकल्यावर कित्येक जणींना पहिल्यांदा मोकळा श्वास घेता येतो.

आणि पिणारी स्वतः बाई असेल तर? एम्सच्या त्याच सर्वेक्षणात पिणाऱ्या पुरुषांचं प्रमाण 27.3 टक्के होतं, बायकांचं 1.6. आकडा लहान आहे म्हणून प्रश्न लहान ठरत नाही. बाईच्या शरीरात दारूचे दुष्परिणाम लवकर होतात, पहिल्या घोटापासून व्यसनापर्यंतचं अंतर ती पुरुषापेक्षा कमी वेळात कापते, आणि उपचाराला मात्र उशिरा येते, कारण घर ते लपवतं. नवऱ्याला बायको केंद्रात घेऊन येते, मुलाला आई आणते. बायकोला भरती करायला येणारा नवरा क्वचितच दिसतो. मुक्तांगणनं बायकांसाठी ‘निशिगंध’ नावाचा स्वतंत्र विभाग सुरू केला तो यासाठीच. अष्टमीला कुमारिकांचे पाय धुणाऱ्या घरातही सुनेची बाटली सापडली, तर पहिला फोन डॉक्टरला जात नाही, तिच्या माहेरी जातो.